साबणाचा सांधा

सत्तरच्या दशकात सांगलीच्या आमच्या सरकारी अनुदानावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, वर्कशॉपमध्ये एक फिटर होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचा मला भयंकर राग यायचा. आम्ही घासून जोडलेले लोखंडी तुकडे तो खिडकीकडे धरायचा आणि सांध्यातून उजेड दिसला की सरळ भंगारात फेकायचा. माझे तीनदा फेकले. चौथ्यांदा मी फटीत साबण आणि लोखंडाचा कीस भरला. त्यानं तो नखानं उकरला.

"फी कमी हाय म्हणून हितं आलास न्हवं? उद्या सरकारी पूल बांधशील. त्यावरनं आमचीच यष्टी जाणार हाय रं!"

मी आतून नुसता पेटलो होतो.

आज पुलाच्या कामावर ठेकेदारानं लिंपून लपवलेली भेग दिसली, की तसाच पेटतो आणि त्याच्यादेखत नखानं उकरतो.