कुरणेमॅडमची सही आणि मी कापलेला फोटो

डॉ. वत्सला कुरणे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते इच्छापोरच्या आमच्या प्रयोगशाळेत, मुलाखतीच्या दिवशी. मॅडमनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली, हातात पिपेट दिलं आणि वीस वेळा सारखंच पाणी मोजायला लावलं. मग विचारलं, "राहतेस कुठे?" गोडादऱ्याला म्हटल्यावर म्हणाल्या, "मग साडेसातला घर सोडायचं. उधन्याच्या गर्दीत अडकले वगैरे सांगायचं नाही." ही नोकरी मिळाल्याची खूण आहे हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

आमचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेशीच्या केंद्रकाला बारीक छिद्रं असतात आणि आत-बाहेर काय जाऊ द्यायचं ते तिथे ठरतं. त्या छिद्रांमधलं एक मानवी प्रथिन आम्ही जिवाणूंकडून तयार करून घेतो, शुद्ध करतो आणि संशोधकांना पाठवतो. ते औषध नव्हे, फक्त प्रयोगांसाठी असतं. स्वभावाने मोठं नाजूक. बर्फावरून जरा वेळ बाजूला राहिलं की तुटतं. म्हणून प्रत्येक खेप जेलवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या लिबलिबीत चकतीवर, तपासायची. निळी पट्टी एकच दिसली तर प्रथिन चांगलं. खाली दुसरी फिकट पट्टी दिसली तर तुटलेलं. जेल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा मॅडमचा नियम. आम्ही मुली मागे हसायचो.

मॅडमचा धाक होता, पण माया त्याहून जास्त होती. माझ्या पप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या तीन दिवस दवाखान्यात डबा घेऊन आल्या. लूमवर, यंत्रमागावर, आयुष्य काढलेले पप्पा एवढ्या शिकलेल्या बाईंसमोर संकोचत म्हणाले, "बाई, तुम्ही बी जेवी ल्या." मॅडम खाटेशेजारी स्टुलावर बसल्या आणि जेवल्या.

आता सहा वर्षांपूर्वीच्या त्या खेपेबद्दल. पुण्याला गेलेलं खराब प्रथिन ही मॅडमच्या कारकिर्दीतली एकमेव चूक, असं आपल्या वर्तुळात सगळे मानतात. मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथातही कुणीतरी ते मोठ्या मनाने लिहिलं असेल.

त्या दिवशी मॅडम बैठकीसाठी बडोद्याला होत्या. प्रथिनाची नळी बर्फाबाहेर टेबलावर तशीच ठेवून मी जेवायला गेले. परत येऊन जेल लावलं तर खाली फिकट पट्टी. पार्सल संध्याकाळी निघायचं होतं. मी जेलच्या फोटोचा खालचा भाग कापला आणि मॅडमच्या मोबाइलवर पाठवला. लगेच त्यांचा फोन आला.

"नीट पाहिलंस ना, वर्षा?"

"हो, मॅडम."

"मग कर रवाना. सही माझी."

आयुष्यात एकदाच त्यांनी नियम मोडला, आणि तो माझ्यावरच्या विश्वासापायी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी डब्यातलं जेल उजेडात धरलं. मग म्हणाल्या, "ही पट्टी फोटोत नव्हती." त्यांनी पाठवणी विभागाला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "पार्सल तो काले ज नीकळी गयुं, बेन." कालच निघून गेलं होतं.

पुण्यातली ती विद्यार्थिनी आठ महिने जपलेल्या पेशींवर त्याच दिवशी अकरा वाजता प्रयोग करणार होती. आमचं प्रथिन त्यात पडलं असतं तर तिचा सगळा प्रबंध पाण्यात गेला असता. तिचा फोन उचलला जाईना. मॅडमनी तिच्या मार्गदर्शकांना लावला, तोही बंद. मग विभागाच्या कार्यालयात लावला. "अहो, ज्या कुणी असाल त्या, धावत जा आणि तिचा हात धरा!" मॅडमचा आवाज मी पहिल्यांदाच कापताना ऐकला. घड्याळात अकराला पाच कमी होते. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात कुलदेवीला हाका मारत होते.

शेवटी पलीकडून त्या विद्यार्थिनीचाच धापा टाकत आवाज आला, "मॅडम, पिपेट हातातच होतं."

"वापरू नका. तुटलेलं आहे. सही माझी आहे, जबाबदारी माझी."

चौकशीतही मॅडम एवढंच बोलल्या. पुढे वर्षभर त्यांच्या प्रत्येक खेपेवर, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका ज्युनिअरची दुसरी सही लागत असे. कागद घेऊन त्या त्याच्या टेबलापाशी उभ्या राहायच्या. मी रोज बघायचे. खरं सांगायला मी दोनदा प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा मॅडमनी अडवलं. "तुला काढून टाकलं तर शिकणार कधी? जा, नवी खेप लाव." आणि मी गेले. त्यांनी अडवलं हे खरं. पण मला अडायचंच होतं, हेही तितकंच खरं.

मॅडम, साठीच्या या समारंभात तुम्हाला हे आवडणार नाही. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे दुखायचे थांबोत, डोळे असेच तीक्ष्ण राहोत. माझं मागणं मात्र एकच आहे. तो फोटो वर्षाने कापला, हे आता सगळ्यांना कळू द्या. रागवायचं असेल तर सोमवारी साडेआठला मी लॅबमध्ये आहे.