प्रसादाचं खोबरं

यांच्या हृदयाचं ऑपरेशन शुक्रवारी ठरलं आणि माझं डोकं फिरलं. देवावर विश्वास होता की नव्हता, कोण जाणे. भीती मात्र पुरेपूर होती. गुरुवारी नांदुऱ्याहून शेगावला अनवाणी चालत येते, वाटेत गाडीत बसणार नाही, असं मी महाराजांना सांगून टाकलं. चालणं मोडलं तर यांचं काही खरं नाही, हेही माझं मीच ठरवलं.

टाचांना भेगा पडल्या होत्या. माहेरी, धामणगाव बढ्याला, शेताच्या धुऱ्यावर बिब्ब्याचं झाड होतं. त्याच्या गोडंब्या बाळंतिणीच्या लाडवात पडायच्या, काळं फळ नजर लागू नये म्हणून दाराला बांधायचे, आणि तेच फळ दिव्यावर तापवून त्याचं तेल आई टाचेत भरायची. आईला सोसलं म्हणजे मलाही सोसेल, असं धरून मी आदल्या संध्याकाळी दोन्ही टाचांना ते लावलं, तेही चांगलं सढळ हातानं. बिब्बा सगळ्यांनाच मानवत नाही, कुणाकुणाच्या अंगावर उततो. माझ्या उतला.

अर्ध्या वाटेत पाय लालभडक झाले, फोड टरारले, आग आणि खाज अशी की जीव नकोसा झाला. रस्त्याकडेच्या निंबाखाली बसून मी ढसाढसा रडले. शेगावहून दर्शन करून परतणारं एक जोडपं मोटारसायकल थांबवून उतरलं. बाईनं पाय पाहिले.

"बिब्बा लावला काय वं माय?"

"हाव," म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.

तिच्या नवऱ्यानं पिशवीतला प्रसादाचा नारळ काढून दगडावर फोडला. तिनं खोबरं ठेचलं. उतलेल्या बिब्ब्यावर खोबरं लावतात, हे मलाही ठाऊक होतं. तरी मी पाय ओढून घेतले.

"प्रसाद पायाले? पाप लावता काय मले!"

"देवानं देला, कामाले येऊन राह्यला. पाय पुढं करा!" ती खेकसलीच. "आन् आता चालू नका, ऑटोत बसा."

"यायले काही झालं तं?"

"त्यायचा जीव महाराजायच्या हाती हाय का तुमच्या टाचेत?"

मी पाय पुढं केले. खोबऱ्यानं आग हळूहळू निवत गेली. त्यांनीच ऑटो थांबवून मला बसवलं. त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं.

मागणं चांगलं पाठ केलं होतं. मंदिरात महाराजांसमोर उभी राहिले आणि तोंडून एवढंच निघालं, "माझ्यानं नाही झालं. आता तुम्हीच पाहा." छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. बोललेलं मोडलं म्हणून भीती वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

शुक्रवारी यांना आत नेलं तेव्हा मी नुसती बसून राहिले, देवाला काही अट घातली नाही. दुसऱ्या दिवशी मला भेटायला सोडलं. यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "जेवली काय तू?"

मी तिथंच महाराजांना हात जोडले. यांना वाटलं, मी यांनाच जोडले. वाटू दिलं.