ताई, तुमी साहेब व्हा

धसईहून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. गावची नवी सरपंच. पाण्याचा टँकर मागायला आज पहिल्यांदाच एकटी पंचायत समितीच्या साहेबांकडे निघाली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

"ताई, तुमी जरा साहेब व्हा. मी बोलून बघते."

मी आवाज जड केला. "काय काम आहे?"

तिने मान खाली घातली आणि पुन्हा पदर बोटाला गुंडाळला. मी साहेबपणा सोडून तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

"मालकांना का नाही आणलं?"

"ते बोलले, तू नुसती उभी ऱ्हा, मी बोलतो. म्हनून नाय आनलं."

मुरबाडला उतरल्यावर तिने विनवलं, म्हणून मी तिच्यासोबत कचेरीत गेले. साहेबांनी मान वर न करताच विचारलं, "मालक नाही आले?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझा हात दाबला.

"सरपंच मी हाय, साहेब." तिने पदराचं टोक सोडलं. "पाड्यावरची विहीर आटली. टँकर कधी येनार?"

साहेबांनी वर पाहिलं. खुर्ची दाखवली. "उद्या पाठवतो."

बाहेर आल्यावर ती पायरीवरच बसली. "भीती तर अजून बी वाटते, ताई. पन आता मालकांच्या मागं उभी नाय ऱ्हायची मी."