देवदत्तरावांचा शोध

देवदत्त हरकरे यांना स्वस्थ बसता येत नाही, हे कॅनडातल्या बर्नाबीच्या मराठी मंडळींना इतकं पाठ आहे की जेवायला बोलावलं तर यजमान त्यांना दारातच काहीतरी काम देऊन मोकळे होतात. नागपूरहून विनिपेगला आले तेव्हापासूनची ही तऱ्हा. बर्फ पडायचा थांबायच्या आत हे फावडं घेऊन तो उपसायला बाहेर. विमान दुपारचं, तर हे सकाळीच विमानतळावर. वीज कंपनीत इंजिनिअर म्हणून नोकरी काढली, रिटायर होऊन मुलीजवळ बर्नाबीला आले, केस गेले, गुडघे बोलायला लागले, पण पायाची भिंगरी काही थांबली नाही.

माधवीबाई अगदी उलट्या. शांत, सावकाश, आणि एका बाबतीत भलत्याच हट्टी. शिकलेली बाई, विनिपेगच्या लायब्ररीत नोकरी केलेली, पण नवऱ्याचं नाव म्हणून तोंडातून काढायची नाही. घरात ‘अहो’, चारचौघांत ‘आमचे हे’. शेजारचा गोरा गृहस्थ कित्येक दिवस देवदत्तरावांना ‘मिस्टर आहो’ म्हणून हाक मारायचा. देवदत्तरावांनी त्याला कधी दुरुस्त केलं नाही. मनातून त्यांना ते फार आवडायचं.

गेल्या वर्षापासून माधवीबाई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग गॅसवरचं दूध, मग वॉशरूमचं दार. मेमरी क्लिनिकमधल्या मुलीने त्यांना विचारलं, “अँड व्हॉट्स युअर हजबंड्स नेम?” माधवीबाई खाली बघून लाजल्या, हसल्या आणि गप्प बसल्या. मुलीने पुढचा प्रश्न घेतला.

“बाबा, शी डझन्ट रिमेंबर,” परत येताना ईशानी गाडी चालवता चालवता हळूच म्हणाली. ईशानी त्यांची एकुलती एक मुलगी.

“अगं, ती नाव घेत नाही! कधीच घेत नाही! त्या पोरीला काय कळणार त्यातलं?” देवदत्तराव असे उसळले की सीटबेल्टने त्यांना मागे खेचलं. पण रात्री आडवं पडल्यावर शंकेनं डोकं वर काढलं ते काढलंच. घेत नाही, की आठवत नाही? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बायकोला छळायला सुरुवात केली. चहा देताना, औषध देताना, मधेच टीव्ही बंद करून, “बरं, माझं नाव काय गं?” आणि माधवीबाईंचं ठरलेलं उत्तर, “चला, काहीतरीच तुमचं!” यातून काय बोध घ्यायचा? आत्तापर्यंत हा माणूस बॉयलर, ट्रान्सफॉर्मर, बँका, सगळ्यांशी भांडून सरळ उत्तर काढत आला होता. इथे मात्र त्याचं काही चालेना, आणि त्याला भीती वाटत होती.

शेवटी ईशानी म्हणाली, “आईला फुलं आवडतात, शनिवारी हॅथरली हाउसला जाऊ या.” कोणे एके काळी लाकडाच्या धंद्यात गब्बर झालेल्या एका इंग्रजाने, घरची आठवण येते म्हणून, थेट तिकडच्यासारखी ही हवेली इथे उठवली. मागे गुलाबांचे ताटवे, विटांच्या भिंतीआडचा भाजीचा मळा, आणि माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढ्या उंच, कातरलेल्या झुडपांच्या भिंतींचा भूलभुलैया. आता ते सगळं ऐतिहासिक ठरलंय आणि लोक तिकीट काढून बघतात.

देवदत्तरावांनी बाग बघायला घेतली ती इन्स्पेक्शनला आल्यासारखी. “हे झालं. चल पुढे.” माधवीबाई एकेका गुलाबापाशी थांबत होत्या, वाकून वास घेत होत्या, आणि हे शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते. ईशानीला ऑफिसचा फोन आला, ती कॅफेकडे वळली. “बाबा, प्लीज स्टे विथ हर,” असं दोनदा सांगून गेली.

भूलभुलैयात शिरल्यावर तिसऱ्याच वळणाला वाट बंद झाली. दुसरा कोणी असता तर हसला असता. देवदत्तराव चिडले. “तू इथंच थांब. हलू नकोस. मी रस्ता बघून येतो.” आणि गेले.

परत आले तर तिथे कोणी नव्हतं.

“माधवी!” ते धावले. डावीकडे बंद, उजवीकडे बंद. “अगं माधवी!” एक जोडपं समोरून आलं, त्याला ते जवळजवळ धडकले. खिशात फोन वाजत होता, ईशानीच असणार, आणि तिला काय सांगायचं? ज्या घाईने जन्मभर सगळं वेळेत पार पाडलं, तिच्यापायीच आज बायको हरवली, हे त्यांना लख्ख कळलं आणि ते स्वतःलाच शिव्या घालत पळत राहिले.

तेवढ्यात झुडपाच्या पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. बागेत मदतीला असतात त्यांच्यापैकी कोणीतरी. “डोन्ट वरी, डिअर, आय विल कॉल हिम. व्हॉट्स युअर हजबंड्स नेम?”

देवदत्तराव जागच्या जागी थिजले. आयुष्यात पहिल्यांदाच असतील. पलीकडे बांगड्या वाजल्या आणि माधवीबाईंनी, नव्या नवरीने हळदीकुंकवाला घ्यावं तसं, ठसक्यात नाव घेतलं,

“हिरव्या गर्द कुंपणात वाट काही सापडेना,
देवदत्तरावांवाचून मला मुळी करमेना.”

“ओह, हाउ लव्हली!” म्हातारी म्हणाली. तिला एक अक्षर कळलं नव्हतं.

देवदत्तराव रडले. फांद्या मुठीत धरून, चष्मा न काढता, लहान मुलासारखे रडले. आठवतंय! नुसतं आठवतंय असं नाही, जुळवून म्हणतेय! क्लिनिकमधल्या त्या पोरीला इथे आणून उभं करावं असं त्यांना वाटलं. तोंड पुसून, फट शोधत, कोपरा ओलांडून ते पलीकडे पोचले. म्हातारी त्यांना बघून हात हलवत निघून गेली.

“इथं आहेस होय!” ते म्हणाले.

माधवीबाईंनी वर पाहिलं. एक पाऊल मागे सरकल्या, पर्स छातीशी धरली, आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या, “भाऊ, आमचे हे दिसले का हो तुम्हाला कुठे? उंच आहेत. सारखे घड्याळ बघत असतात.”

बाहेर पडायची वाट पुढच्याच वळणाला होती, तिथून पार्किंग लॉट दिसत होता. फोन पुन्हा वाजला. देवदत्तरावांनी तो खिशातच बंद केला.

“नाही दिसले,” ते म्हणाले. “चला, आपण दोघं शोधू या.”

“तुमचा खोळंबा होईल.”

“नाही हो. मला कसली घाई?”

बाहेरच्या वाटेकडे पाठ करून ते दोघं पुन्हा आत वळले. माधवीबाई सावकाश चालत होत्या, आणि देवदत्तराव त्यांच्या पावलाबरोबर पाऊल टाकत होते. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “भेटले की रागावतील जरा. तुम्ही मनावर घेऊ नका हं, भाऊ. माणूस फार चांगला आहे.”