पस्तीस पाइपांच्या फटी

आमचे काका प्लंबर. चाळीस वर्षांत आपल्या हातचा एकही नळ गळला नाही, हे ते नीट ओळख व्हायच्या आधीच सांगून टाकत. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी मोरीत डोकावत. काकू म्हणायची, हे पाहुणे नाहीत, तपासणीला आलेत.

काकूची नजर अधू झाली होती. तरी रोज संध्याकाळी ती समुद्राकाठच्या वाटेने एकटीच फिरायला जाई. सोबत कुणी आलेलं तिला खपत नसे. तो अर्धा तास तिचा स्वतःचा होता. काका कुरकुरत, पण तिच्यापुढे त्यांची डाळ शिजत नसे.

वाटेच्या वळणावर एका शिल्पकार बाईंनी गाणाऱ्या पायऱ्या बांधल्या होत्या. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि त्यांच्या पोटात पस्तीस पाइप आहेत. लाट आली की पाइपातली हवा वर रेटली जाते, वरच्या फटीतून बाहेर पडते आणि पायऱ्या घुमू लागतात. वारा असला की सूर आणखी चढतो. लांबून लोक ऐकायला येत. काकांना मात्र त्यात काडीचा रस नव्हता.

पुढे तिथल्या वाटेवर ओल दिसू लागली, म्हणून बंदराच्या कचेरीने काकांना गळती शोधायला सांगितलं. ओहोटीला त्यांनी पायऱ्यांमधली पाइपांवरची झाकणं उघडली आणि हबकलेच. एकूण एक पाइपाला बोटभर फट! ती कशासाठी आहे, हे विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. प्लंबरला फट दिसली की हात आपोआप पुट्टीकडे जातो. एका ओहोटीत त्यांनी सगळ्या पस्तीस फटी बुजवल्या आणि शीळ घालत घरी आले. असलं दळभद्री काम जन्मात पाहिलं नव्हतं, असं मला सांगत होते. काकू तेव्हा फिरायला गेलेली होती.

तेवढ्यात बंदराच्या पहारेकऱ्याचा फोन आला, काकू पायऱ्यांवरून पाण्यात पडली होती. आम्ही धावत पोचलो तेव्हा पहारेकऱ्याने तिला वर काढून बसवलं होतं. ती नखशिखांत भिजलेली, गुडघा फुटलेला.

काकांचा आवाज भीतीने चिरकला. "एवढं मोठं वळण, दिसलं नाही तुला?"

"नाही," काकू म्हणाली. "दीड वर्ष झालं, मला काहीच दिसत नाही. पायऱ्या घुमल्या की वळायचं, एवढंच मला माहीत. आज त्या घुमल्याच नाहीत."

मी सुन्न झाले. मी त्याच घरात राहते. तिने केलेला चहा रोज पिते. नवी साडी दाखवली की ती पदर चाचपून म्हणायची, रंग छान आहे, आणि मी खूश व्हायचे. दीड वर्ष! मला माझीच लाज वाटली.

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्या फटी कशासाठी होत्या, ते त्यांना आत्ता कळलं होतं. कसंबसं त्यांनी विचारलं, सांगितलं का नाहीस.

"तुम्ही मला घरात बसवलं असतं," ती म्हणाली. मग त्यांचा हात चाचपडत शोधून तिने धरला. "अहो, तुम्हाला पाइपांतलं कळतं. उद्या वाजतील ना त्या पुन्हा?"

ती पुट्टी दोन तासांत दगड होते, हे काकांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.