त्र्यंबक यांस कन्या एक

ओहायोतल्या डब्लिनच्या मृणालिनीकाकूंचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. तिथेच तीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून नोकरी केलेली. रिपोर्टवर सही करण्याआधी काचपट्टी दोनदा बघायची सवय माणसांनाही लागू झाली होती. "लग्नाआधी हिने माझाही रिपोर्ट मागवला होता," असं राजेशकाका चारचौघांत सांगत. रिटायर झाल्यावर संशयाला खाद्य उरलं नाही, म्हणून काकू लायब्ररीतल्या इतिहासाच्या वर्गाला जाऊ लागल्या.

तिथे त्यांना नेस्ट सापडली, बाराशे वर्षांपूर्वीची, वेल्समधल्या पॉविसची राजकन्या. तिच्या भावामागे पॉविसचं राज्य शेजारच्या ग्विनेदच्या रोद्री राजाकडे गेलं, आणि त्याचा हक्क हिच्यामुळे, असं नंतरच्या वंशावळी सांगतात. पण एक वंशावळ तिला रोद्रीची आई म्हणते, दुसरी आजी. बाकी तिच्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

"राज्य आधी घेतलं असणार, बाई मागाहून शोधली," घरी येऊन त्या राजेशकाकांना म्हणाल्या.

त्याच आठवड्यात पुण्याहून चुलतभावाचा, प्रल्हादचा फोन आला.

"ताई, कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढतोय. या वेळी मुलींची नावंही घालायची! तुझं नाव, जन्मतारीख व्हॉट्सॅप कर. आणि एक संमतिपत्र पाठवलंय, त्यावर सही. जस्ट फॉर्मॅलिटी."

काकूंनी कपाटातली छत्तीस वर्षांपूर्वीची जुनी आवृत्ती काढली. वडिलांच्या, त्र्यंबक यांच्या नावापुढे छापलं होतं: 'कन्या १'. त्या एकीचं नाव काय, हे छत्तीस वर्षांत कुणालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मग आत्ताच एवढा उमाळा? ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या प्रल्हादला त्या लहानपणापासून ओळखत होत्या.

त्यांनी संमतिपत्र चष्मा पुसून वाचलं. कोकणातल्या कुलदेवीच्या देवळाची वहिवाट परंपरेने थोरल्या शाखेची, म्हणजे त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर 'मुलगा नाही' म्हणून ती काकांनी, प्रल्हादच्या वडिलांनी सांभाळली. आता देवळाच्या ट्रस्टची नोंदणी त्या शाखेच्या सहीवाचून अडली होती, म्हणून थोरल्या शाखेची वारस या नात्याने काकूंनी ती प्रल्हादच्या मुलाला, वीरला, स्वखुशीने द्यायची होती.

उत्सवात देवीपुढचा पहिला दिवा वडील त्यांच्याच हातून लावून घेत. काकूंना रडू आलं. मग असा संताप आला, की त्यांनी आधी अमेरिकेतच शॉमबर्गला राहणाऱ्या मुलीला, चारुताला फोन लावला. ती सगळं ऐकून म्हणाली, "आई, आय ॲम इन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रल्हादला फोनवर गाठलं.

"माझं नाव घाल. त्याखाली चारुताचं. वहिवाट तिच्याकडे जाईल."

"अगं, ती अमेरिकेत!"

"आणि वीर बंगळूरला. तो काय झूमवर नैवेद्य दाखवणार?"

प्रल्हाद चाचरत म्हणाला, "तसं नाही गं ताई... थोरल्या शाखेतल्या लोकांना विचारून सांगतो."

"विचार की," काकू म्हणाल्या. "मीच बोलतेय."