बाई चूल पेटवत नसत ते दिवस

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षरही वाकडंतिकडं. नातीच्या वहीतल्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे. कोणी वाचलंच तर चुका पदरात घ्याव्यात. चार माणसांत मला बोलता येत नाही. बाईंच्या दहाव्याला दोन शब्द बोला म्हणाले, तर मी पदर तोंडाला लावून आत गेले.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सुभद्राबाई. सडा टाकता टाकता ओट्यावर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. त्याला आता सव्वा महिना झाला.

भोकरदनजवळच्या या गावात मी लग्न होऊन आले तेव्हा घरात एकच चूल होती. बाई भाकरी थापायच्या, मी जाळ सारायची. भाऊजी, म्हणजे त्यांचे मालक, ट्रकवर ड्रायव्हर होते. जालन्याची मोसंबी भरून पार पंजाबपर्यंत जायचे. आले की दारातूनच ओरडायचे, "चहा टाक जल्दी, दिल्लीपासून उपाशी हाय!" बाई मान वर न करता म्हणायच्या, "का, वाटंतले समदे ढाबे मेले का?"

एका खेपेला गाडी तिकडे बिघडली. पार्ट आणायला भाऊजी बसने निघाले. बंदूकवाल्यांनी बस अडवली, माणसं उतरवली, ओळीने उभी केली... माती तिकडेच झाली. आमच्याकडे नुसती राख आली.

गाव फार रडलं. आठवड्याचा बाजार बंद राहिला, शाळा सुटली. पुढारी आले, फोटोला हार घातला, अशी घटना ही शेवटचीच म्हणाले.

आमच्या गल्लीत रीत होती. माणूस गेलं की त्याची माती होईपर्यंत कोणाची चूल पेटायची नाही. वीसेक दिवसांनी सकाळीच रेडिओवर बातमी आली. पुन्हा बस, पुन्हा तशीच माणसं. बाईंनी पेटलेल्या चुलीवर तांब्या ओतला.

मी म्हटलं, "बाई, आपलं कोणी न्हाई त्याच्यात."

"ह्यांच्या टायमाला तिकडं कोणी असंच म्हनलं आसंल," बाई म्हणाल्या. "त्यांची माती कवा होईल, आपल्याला काय कळतं? दिवेलागणीपर्यंत थांबू."

त्या दिवशी सगळी गल्ली थांबली. पुढच्या वेळी अर्धी. त्याच्या पुढच्या वेळी नळावर बायका मला हसून विचारू लागल्या, "काय गं, रेडिओनं आज सैपाकाला सुट्टी देली का?" मी मान खाली घालून घागर भरायची. भाऊजींच्या वर्षश्राद्धाला पुढारी आले नाहीत. माणूस पाठवला, तोही जेवून गेला. बातम्या मात्र थांबत नव्हत्या.

एका दुपारी माझी पोरं भुकेने रडायला लागली. आमचे मालक चिडले. "वहिनी, तिकडं रोजच माणसं मरून राह्यली. आपण रोज उपाशी ऱ्हायचं का?"

"रोज मरून राह्यली, म्हणूनच तं," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्या बाजूने एक शब्द बोलले नाही. रात्री मालकांना म्हटलं, चूल वेगळी करू. सकाळी त्यांनी सांगितलं. बाईंनी स्वतः माती मळली आणि मला चूल घालून दिली. हात धुताना म्हणाल्या, "राग न्हाई गं. तुला लेकरं हाईत."

त्यानंतर भिंतीच्या पलीकडून धूर आला नाही की मला कळायचं, आज कुठेतरी झालं. पंजाब शांत झाला, मग दुसरीकडे सुरू झालं. गावांची नावं बाईंना कळायची नाहीत. त्या मला विचारायच्या, "माती झाली का गं त्यांची?" मी म्हणायची, "ते न्हाई सांगत रेडिओवर." "मंग थांबावं," म्हणायच्या आणि ओट्यावर जाऊन बसायच्या. मी आत येऊन भाजीला फोडणी द्यायची. एकदाही त्यांच्याजवळ जाऊन बसले नाही. पंधरा-वीस वर्षं...

त्या गेल्या त्या दिवशी मंठ्याहून माझी लेक यायची होती म्हणून माती दुपारनंतर ठेवली. मी उशाशी बसले होते. अकराच्या सुमाराला समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग शेजारी. मग आमच्याच स्वयंपाकघरात. मी सुनेकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "आत्या, पोरं शाळेतून येतील नं."

मागच्या आठवड्यात टीव्हीवर दाखवत होते. परदेशातली कुठलीशी शाळा, बंदूक घेऊन कोणी आत शिरला होता. आया फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांच्या हातात पोरांचे स्वेटर होते. मी गॅससमोर होते. बंद करावा म्हणून बटणाला हातही लावला. भाकरी अर्धी झाली होती. करपल्याचा वास यायला लागला.

मी ती उलटली.